औरंगाबादचा वस्त्रोद्योग : मागापासून गिरणीपर्यंत

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील वस्त्रोद्योगाची जुनी ओळख म्हणजे हिमरू. या कापडात ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, सुती असतात, तर बाणा, म्हणजे धोट्याने भरलेले आडवे धागे, रेशमी असतात. नक्षीसाठी घातलेले जादा रेशीम उलट बाजूस सुटे राहत असल्याने कापडाला मऊ, उबदार अस्तर लाभते आणि म्हणूनच ते शाली व शेरवानींसाठी पसंत केले जाई.

यंत्रयुगाची चाहूल 1889 मध्ये लागली. त्या वर्षी शहरात सूतकताई व विणकामाची गिरणी उभी राहिली आणि तीत सुमारे 700 लोकांना काम मिळाले. 1900 मध्ये हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणे, आणि प्रेसिंग, म्हणजे रुई दाबून गाठी बांधणे, यांचे कारखाने वाढले, कारण दाबलेली गाठ कमी जागा व्यापते व दूरची वाहतूक परवडते. मात्र ही कच्च्या मालावरील पहिलीच प्रक्रिया असून सूत, कापड आणि तयार कपडे या पुढच्या पायऱ्यांवर मालाचे मोल वाढत जाते. त्यामुळे परिसरात कापूस मुबलक पिकला, तरी तेवढ्याने तेथे वस्त्रोद्योग वाढतोच असे नाही.