राष्ट्रीय अभिलेखागार : आपला इतिहास कोणत्या फायलीत आहे?

14 एप्रिल आणि 6 डिसेंबर जवळ आले की बाबासाहेबांच्या नावाने शेकडो संदेश आपल्या मोबाईलवर फिरू लागतात. काही खरे, काही अर्धवट, काही सरळसरळ बनावट. 'बाबासाहेबांनी कामाचे तास कमी केले' हे आपण अभिमानाने सांगतो, पण समोरच्याने पुरावा मागितला की आपल्यातले बरेचजण गप्प होतात. वास्तविक बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारी कायदा दुरुस्ती 1946 साली झाली. त्या काळातल्या केंद्रीय मजूर खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

ही संस्था आपल्यासाठी उभी राहिली नव्हती. 11 मार्च 1891 रोजी कलकत्त्यात 'इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट' सुरू झाले ते ब्रिटिश सरकारला स्वतःचे कागद सांभाळता यावेत म्हणून. पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे त्याआधी मुंबईच्या दप्तराचे काम पाहत. 1911 साली राजधानी दिल्लीला हलवण्याचे ठरले, 1926 मध्ये ल्युटेन्सने आराखडा केलेली इमारत तयार झाली आणि सगळे दप्तर तिथे यायला 1937 उजाडले. आज ती इमारत जनपथवर आहे. स्वातंत्र्यानंतर नाव बदलले, आणि 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने सरकारी खात्यांवर आपले कागद जपण्याची जबाबदारी टाकली.

आत ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातल्या पत्रव्यवहारापासून फारसी कागद, नकाशे आणि नेत्यांचे खासगी संग्रह असे बरेच काही आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची म्हणजे गृह खात्याच्या राजकीय शाखेची दफ्तरे. प्रांतिक सरकारे दर पंधरवड्याला राजकीय परिस्थितीचा अहवाल दिल्लीला पाठवत. महाडचा सत्याग्रह मुंबई इलाख्यातला, म्हणून त्याच्या मूळ स्थानिक कागदांसाठी आधी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जावे लागते. दिल्लीत मिळेल ते फक्त वरपर्यंत पोहोचलेले. कोणता कागद कुठे असेल हे कळायला त्या वेळचा कारभार कसा चालत होता हे समजून घ्यावे लागते, आणि इथेच नवखे कार्यकर्ते थकतात.

'अभिलेख पटल' या पोर्टलवर नोंदणी करून घरबसल्या सूची शोधता येते, अनेक फायली स्क्रीनवर वाचताही येतात. पण शोधताना 'दलित' लिहाल तर हाती फारसे लागणार नाही. त्या काळचा सरकारी शब्द 'डिप्रेस्ड क्लासेस'. 1935 च्या कायद्यानंतर 'शेड्यूल्ड कास्ट्स'. पुण्याचे स्पेलिंग जुने, रायगडचे नाव कुलाबा. फाईल सापडली की खाते, शाखा, वर्ष आणि क्रमांक लगेच टिपून ठेवा. त्याशिवाय तो पुरावा पुन्हा कुणाला दाखवता येत नाही.

आणखी एक सावधानता. या फायली लिहिणारे पोलीस आणि अधिकारी होते. आपल्या सभेला 'गडबड' म्हणणारा अहवाल सभेबद्दल थोडे आणि सरकारच्या भीतीबद्दल जास्त सांगतो. तो टाकून देऊ नये. 'जनता'च्या अंकांशेजारी ठेवून वाचावा.

याच संस्थेत बौद्धांचा फार मोठा ठेवा आहे, हे आपल्यात फार थोड्यांना ठाऊक असते. 1931 मध्ये गिलगिटजवळ एका जुन्या बौद्ध वास्तूच्या अवशेषांत भूर्जपत्रावरची संस्कृत हस्तलिखिते सापडली. त्यांतला मोठा भाग आज इथे आहे. त्यात सद्धर्मपुंडरीक सूत्र आहे, मूलसर्वास्तिवादी विनयाचा भाग आहे. भिक्खूसंघाचे नियम, चीवर, प्रव्रज्या यांबद्दलचा जो मजकूर एरवी तिबेटी आणि चिनी भाषांतरांतून वाचावा लागतो, त्यातला बराचसा इथे मूळ संस्कृतात हाती येतो.

स्वतंत्र भारताचे कागद मात्र अपुरे आहेत. अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच 2022 मध्ये जाहीरपणे सांगितले की अनेक मंत्रालयांनी आपले अभिलेख पाठवलेलेच नाहीत; 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांचेही इथे नाहीत. मग 1956 नंतरच्या आपल्या चळवळीचे कागद कुठे असणार? बरेचसे आपल्याच घरातल्या ट्रंकांमध्ये : सभांची इतिवृत्ते, पावतीपुस्तके, धम्मदीक्षेची पत्रके, मोर्च्यांचे फोटो. राष्ट्रीय अभिलेखागार खासगी संग्रहही स्वीकारते. देण्याआधी प्रत्येक कागदाची यादी करा, मागे पेन्सिलने तारीख आणि ठिकाण लिहा, आणि लॅमिनेशन अजिबात करू नका.