मोटारीतील चुंबकीय सेन्सर : मिस्त्री व दुकानदारांनी काय जाणून घ्यावे

गोंदियाहून बालाघाटकडे जाताना वाटेत नागरा लागते. जुन्या शिवमंदिरामुळे हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. मागल्या उन्हाळ्यात तांदळाची पोती भरलेल्या एका पिकअप गाडीतून आम्ही या रस्त्याने निघालो होतो. नागऱ्याजवळ गाडी अचानक बंद पडली. सेल्फ फिरत होता, पण इंजिन काही पेट घेईना. अर्ध्या तासाने तीच गाडी एका चावीत सुरू झाली. मालकाने हताश होऊन सांगितले की, याच दुखण्यापायी डिझेल फिल्टर बदलून झाला, पंप खोलून झाला, पैसा पाण्यासारखा गेला. पुढे दोन-तीन किलोमीटरवर गाडी पुन्हा बसली. तेव्हा रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रीने पंपाला हातही लावला नाही. सेल्फ फिरवताना आर.पी.एम.चा काटा हलतो का, एवढेच त्याने पाहिले. काटा जागचा हलला नाही. त्याने फ्लायव्हीलजवळच्या बोटाएवढ्या सेन्सरवर ओले फडके ठेवले, दहा मिनिटांनी चावी फिरवली, आणि गाडी सुरू! पंपाच्या खर्चापुढे त्या सेन्सरची किंमत अगदीच किरकोळ होती.

आमच्या वाचकांत गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन व सुटे भाग विकणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा विषय घेतला आहे.

हा क्रँक सेन्सर करतो काय? गिरणीच्या दारात पोती मोजणारा मुनीम असतो ना, तेच काम. फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर दात्यांचे चक्र असते. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांच्या जागी ५८ असतात. दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. दाता समोरून गेला की सेन्सरजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलते व एक ठोका तयार होतो. गाळलेल्या जागेवरून क्रँक नेमका कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २९०० ठोके होतात. मोजणी थांबली की डिझेल केव्हा सोडावे हेच कॉम्प्युटरला समजत नाही. मग पंप कितीही नवा असो, त्याचा उपयोग नाही.

असे सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यात चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ही जात आपल्या जुन्या उस्तादांना नवी नाही, सी.डी.आय. असलेल्या मोटारसायकलींची पिक-अप कॉइल तीच. याला बहुधा दोन तारा असतात आणि मीटरवर काही शे ते दीड-दोन हजार ओम दिसतात. नागऱ्याच्या गाडीत हेच वेटोळे बिघडले होते. तापले की तुटलेली तार उघडते, निवले की पुन्हा टेकते. म्हणून गार सेन्सर मीटरवर ठीक दिसला तरी विश्वास ठेवू नये, गरम असताना मोजावा.

दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली बाल्टिमोर येथे शोधलेल्या परिणामावर ती चालते. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज उभे राहते. याला साधारण तीन तारा असतात: पुरवठा, अर्थ व सिग्नल. याला ओम मीटर लावून काही कळत नाही, आणि टेस्ट लॅम्प लावल्यास सेन्सर किंवा कॉम्प्युटर जळण्याची भीती असते. पुरवठा व अर्थ आधी पाहावा, मग इंजिन हाताने हळू फिरवून सिग्नल वर-खाली होतो का ते पाहावे.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना व १२५ सी.सी.वरील दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे झाले. त्यामुळे चाकाजवळही असेच सेन्सर आले. येथे एक चूक फार होते. काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची कडी असते. ती बाजू सेन्सरकडे हवी. बेअरिंग उलटे ठोकले की गाडी धावते, पण ए.बी.एस.चा दिवा जात नाही आणि दोष नव्या सेन्सरवर येतो. कागदाची लोखंडी क्लिप लावून पाहावी. जिकडे ती चिकटते ती चुंबकाची बाजू. हातोडा मात्र या कडीवर कधीही नको. कित्येकदा तर सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असतो. तो पुसला की नवा भाग घेण्याची गरजच उरत नाही. गिऱ्हाइकाला तसे सांगावे व मजुरी तेवढी घ्यावी.

ई-रिक्शांच्या मोटारींतही पुष्कळदा तीन हॉल सेन्सर असतात. एक गेला की रिक्शा झटके देते किंवा जागीच थरथरते. कंट्रोलर जोडलेला ठेवून चाक हळूहळू फिरवावे. तिन्ही सिग्नल तारांवर आळीपाळीने ० व ५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. एकही तार अडून राहिली तर दोष सापडला, पण आधी त्या तारेचा प्लग तपासावा, कारण पावसाळ्यात तोच सडतो. मोटार उघडलीच तर तिन्ही सेन्सर एकदम, त्याच नंबरचे व त्याच तोंडाने बसवावेत. डाक देताना कैया फार वेळ टेकवू नये, उष्णतेने नवा तुकडाही जातो.

दुकानदार बंधूंची तक्रार आम्हास ठाऊक आहे: इलेक्ट्रिकचा माल परत घेता येत नाही, आणि मिस्त्री अंदाजाने सेन्सर नेऊन लावून पाहतो. यावर उपाय एकच दिसतो. माल देण्यापूर्वी जुना सेन्सर काउंटरवर मागावा, प्लग, तारा व लांबी जुळवावी आणि मीटरचे वाचन विचारावे. लांबीत एक-दीड मिलिमीटरचा फरक असला तरी तो दात्याला घासतो, नाहीतर इतका दूर राहतो की ठोकेच मिळत नाहीत.