ओलावा सेन्सरचा सिग्नल येत नाही? असे तपासा
कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत जादा पाण्याने क्षारपड वाढते. म्हणून सातारा-सांगलीच्या ऊस उत्पादकांनी सेन्सरचे आकडे थांबले तरी अंदाजाने पाणी देऊ नये. तोवर मुळांजवळची माती हाताने तपासावी.

लोरा सेन्सरशेजारी लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल जोडून ८६५ ते ८६९ मेगाहर्ट्झ पट्टा पाहा.

१. सेन्सर आकडा पाठवताना रेघ उमटत नसेल, तर बॅटरी व अँटेनाची जोडणी तपासा.

२. रेघ ८६८ च्या पुढे असेल, तर कोड युरोपच्या पट्ट्याचा आहे. भारतातील ८६५-८६७ मधील वारंवारिता टाका.

३. रेघ रिसीव्हरजवळही स्पष्ट, पण आकडा नाही? दोन्हीकडे वारंवारिता, स्प्रेडिंग फॅक्टर व बँडविड्थ एकच ठेवा.

४. रिसीव्हरजवळ रेघ फिकी असेल, तर उंच उसाची पाने सिग्नल अडवत असतील. दोन्ही अँटेना शेंड्यांच्या वर घ्या.