विश्लेषण : गरम पाणी थंड पाण्याआधी गोठते का?

फ्रीजरमध्ये एका भांड्यात गरम आणि दुसऱ्यात साधे पाणी ठेवले, तर आधी बर्फ कशाचा होईल? ‘साध्या पाण्याचा’ हे उत्तर कोणीही देईल. पण साठ वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाला नेमके उलटे दिसले. तेव्हा त्याला सगळे हसले. त्याच्या प्रश्नावर मात्र आजही संशोधन सुरू आहे.

प्रश्न कसा पडला?

हे घडले १९६३ मध्ये, आजच्या टांझानियातील मगाम्बा माध्यमिक शाळेत. तिथे मुले आइस्क्रीम बनवत. दूध उकळायचे, साखर घालायची आणि निवल्यावर फ्रीजरमध्ये ठेवायचे, अशी पद्धत. फ्रीजरमध्ये जागा मोजकी. एका मुलाने दूध न उकळताच आत ठेवले. आपली जागा जाईल या घाईत एरास्टो एम्पेम्बाने गरमागरम दूधच ठेवून दिले. दीड तासाने पाहिले, तर एम्पेम्बाचे आइस्क्रीम गोठले होते, मित्राचे पातळच होते. शिक्षकांना विचारल्यावर ‘तुझा गोंधळ झाला असेल’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

दखल कोणी घेतली?

पुढे दार एस सलाम येथील विद्यापीठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्रज्ञ डेनिस ऑसबोर्न एम्पेम्बाच्या शाळेत व्याख्यानाला आले. त्याने विचारले : ३५ अंश आणि १०० अंश सेल्सिअसचे सारखेच पाणी फ्रीजरमध्ये ठेवले, तर १०० अंशांचे आधी का गोठते? वर्गात हशा पिकला. ऑसबोर्न यांनी मात्र परतल्यावर प्रयोग करून पाहायला सांगितले. तंत्रज्ञालाही गरम पाणीच आधी गोठलेले दिसले. ‘बरोबर’ उत्तर येईपर्यंत प्रयोग करत राहू, असे तो म्हणाला! १९६९ मध्ये एम्पेम्बा आणि ऑसबोर्न यांचा संयुक्त लेख ‘फिजिक्स एज्युकेशन’मध्ये प्रसिद्ध झाला. या घटनेला ‘एम्पेम्बा परिणाम’ असे नाव मिळाले.

असे का घडत असावे?

आक्षेप साधा आहे. १०० अंशांचे पाणी थंड होताना ३५ अंशांवर येणारच. मग ते पुढे कसे जाईल? पण तापमान सारखे झाले, म्हणून दोन्ही भांड्यांची स्थिती सारखी होत नाही. गरम पाण्याची वाफ झाल्याने ते थोडे कमी उरते. त्यात विरघळलेली हवा कमी असते. भांड्यातील प्रवाहही वेगळे असतात. गरम भांड्याखालचे हिम वितळून ते फ्रीजरच्या तळाला नीट टेकते आणि उष्णता लवकर जाते. शिवाय पाणी शून्य अंशांखालीही काही काळ द्रवच राहू शकते आणि बर्फ कधी धरेल, हे दर वेळी बदलते.

मग वाद कशाचा?

हा परिणाम हमखास दिसत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधील हेन्री बरिज आणि पॉल लिंडेन यांनी पाणी शून्य अंशांपर्यंत थंड होण्याचा वेळ मोजला. त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही. तापमापकाची जागा सेंटिमीटरभर बदलली तरी फसवा निष्कर्ष निघू शकतो, असे त्यांनी दाखवले. याउलट, २०२० मध्ये कॅनडातील अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी पाण्यातील एका सूक्ष्म मण्यावर नियंत्रित प्रयोग केला. त्यात ‘गरम’ स्थितीतून सुरुवात केल्यास थंड स्थिती लवकर गाठता येते, हे स्पष्ट दिसले. २०२४ मध्ये विद्युतभारित अणूंवरील क्वांटम प्रयोगांतही असेच वर्तन आढळले. म्हणजे समतोलापासून दूर असलेली प्रणाली कधीकधी जवळच्या वाटेने समतोल गाठते. पाण्याच्या भांड्याबाबत मात्र एकमत नाही.

घरी करून पाहता येईल?

नक्की. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत साधे, दुसरीत गरम पाणी तेवढेच मोजून घाला. काच वापरू नका, ती तडकू शकते. दर पंधरा मिनिटांनी पाहून नोंद करा. पुढच्या वेळी वाट्यांच्या जागा बदला, कारण फ्रीजरचा प्रत्येक कोपरा सारखा थंड नसतो. पाच-सहा वेळा करूनच निष्कर्ष काढा. गरम पाणी आधी गोठले नाही, तरी प्रयोग फसला असे नाही. तेही उत्तरच आहे. आणि घरातल्या मुलाने असा ‘वेडगळ’ प्रश्न विचारला, तर हसण्याआधी दोन वाट्या काढाव्यात. ऑसबोर्न यांनीही तेच केले होते.