अडलेली कोंबडी

कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली, की घरात दोन मते पडतात. घरधनी म्हणतो, "मरायच्या आधी कापून टाका." घरची बाई म्हणते, "थांबा जरा, दोन दिवस बघू." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि परसात आठ-दहा कोंबड्याही पाळतो, या वादात मी बाईच्या बाजूचा आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा आणि तुरीचा पैसा बहुधा पुरुषाच्या हाती येतो, आणि आला तसा दुकानदाराकडे नि सोसायटीकडे जातो. अंड्यांचा पैसा तेवढा तिच्या पदराच्या गाठीला राहतो. मुलाची वही, आठवडी बाजारातले मीठ-मिरची त्यावर निघते. म्हणून दोन दिवस बघायचे हे ठीकच; पण बघायचे म्हणजे काय, हे ठाऊक पाहिजे.

पहिली गोष्ट, बसलेली प्रत्येक कोंबडी आजारी नसते. खुडूक कोंबडीही दिवसभर बसून राहते. पण तिला हात लावून बघा! अंग फुगवून ती चोच मारायला धावते, तिचे डोळे टवटवीत असतात, आणि दाण्यापुरती उठून ती पुन्हा जागेवर जाते. दिवस लहान होऊ लागले की पिसे झडतात. त्या काळातही अंडी काही आठवडे बंद असतात. त्याला औषध नको. कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे पाहायची जुनी युक्ती अशी : शेपटीखालच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम शिरत असेल तर नाही.

अडलेल्या कोंबडीचे रूप निराळे. बाळंतीण अडते तशी कोंबडीही अडते, आणि आपल्या भाषेने दोघींना शब्द एकच दिला आहे. ती पुन्हा पुन्हा खोक्यात जाते नि रिकामी बाहेर येते. पाय फाकवून, अंग उभे धरून चालते. शेपटी वर-खाली हलते, कळ देते, पण अंडे येत नाही. पुढे पुढे दाणा सोडते, डोळे अर्धवट मिटते, विष्ठाही थोडी किंवा मुळीच होत नाही. पोटाला शेपटीच्या बाजूने हलकेच चाचपले तर कधी कधी अंडे हाताला लागते.

हे होते कशाने? कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात. अंडाशयातून बलक सुटला, की अंडवाहिनीत तीन-एक तासांत त्याभोवती पांढरे साचते, मग पातळ पापुद्रा येतो, आणि उरलेले वीसएक तास केवळ कवच चढायला जातात. कवचाचे वजन पाच-सहा ग्रॅम. त्यात कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम. आता माझ्या विषयातला जमाखर्च पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते पंचवीस-तीस मिलिग्रॅम. म्हणजे एका अंड्याच्या कवचापुरते कॅल्शियम नुसत्या ज्वारीतून मिळवायचे, तर सात-आठ किलो ज्वारी खावी लागेल. आणि कोंबडी दिवसाला खाते साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम! बाकीचे येते कुठून? उकिरड्यावरच्या किड्या-गोगलगाईंतून, पाल्यातून, मातीतून. आणि तेही पुरले नाही तर तिच्या स्वतःच्या हाडांतून. कवच बरेचसे रात्री घडते, पोटात दाणा नसताना. त्या वेळी हाडे हीच तिची तिजोरी.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते. तेवढ्या सुट्टीत तिजोरी पुन्हा भरते. हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजासारख्या सुधारित जाती आपल्याकडे आल्या. त्या वर्षाला शंभरावर अंडी देतात, खुडूक फारशा होत नाहीत. उत्पन्न वाढले हे खरे, पण आपण दाणा गावरान कोंबडीचाच ठेवला. मग आधी मऊ, बिनकवचाची अंडी येतात, आणि नंतर कोंबडी अडते. कारण अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. ते कमी पडले की कवच मऊ आणि कळही दुबळी, असे दुहेरी संकट. पहिल्यांदा अंड्यावर आलेली तलंग, फार चरबी चढलेली कोंबडी आणि वाजवीपेक्षा मोठे अंडे, ही आणखी कारणे आहेतच.

उपचार साधा आहे, पण त्याच दिवशी झाला पाहिजे. घमेल्यात कोमट पाणी घ्या; आपल्या मनगटाला सुखद वाटेल एवढेच. त्यात कोंबडीला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवा. एकाने पंख अंगाशी धरून ठेवावे म्हणजे ती घाबरत नाही. मग पुसून कोरडी करा, द्वाराला खोबरेल तेल लावा, आणि टोपल्याखाली अंधारात, शांत जागी ठेवा. जवळ पाणी असू द्या. थंडीत ऊब द्या. मे महिन्यात मात्र सावली द्या, आपल्याकडच्या उन्हात निराळी ऊब लागत नाही. तास-दोन तासांनी अंडे आले नाही तर तोच प्रयोग पुन्हा करा. पोट दाबून अंडे बाहेर काढू नका, आणि आतल्या आत फोडू तर मुळीच नका. कवचाच्या कपच्या अंडवाहिनीला चिरतात, आत पू होतो, आणि कोंबडी जाते. दुपारपर्यंत सुटका झाली नाही तर तिला पिशवीत घालून ढोरांच्या दवाखान्यात न्या. तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते. एक-दोन दिवस तसेच गेले तर जिवावर बेतते. अंगाचा लाल भाग बाहेर आला असेल तर तिला आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. लाल दिसले की इतर कोंबड्या टोचून टोचून तिला मारून टाकतात.

पुढच्यासाठी खर्च जवळजवळ नाहीच. अंड्यांची टरफले भाजून बारीक कुटा (अख्खी टाकली तर कोंबडीला आपलीच अंडी फोडायची खोड लागते) आणि संध्याकाळी निराळ्या वाटीत ठेवा. जिला हवे ती खाईल. नदीकाठचे शिंपले कुटले तरी चालतात. आपल्या वणी-मुकुटबन भागात जमिनीखाली चुनखडीचे थरच्या थर आहेत, आणि त्याच मुलखात कोंबडीला चुन्याची तूट पडावी, याला काय म्हणावे! मात्र पानाचा ओला चुना चोचीत घालू नका. तो तोंड भाजतो. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, त्यानेही कवच पातळ होते. तेव्हा गार पाणी आणि सावली हेच औषध समजा. गोठ्यातली सरकीची ढेप कोंबड्यांनी टिपली तर ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट होतो. तो रोग नव्हे, सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याचा परिणाम आहे.

एक खूण अवश्य ध्यानात ठेवा. एकच कोंबडी बसली तर दोष बहुधा तिच्या पोटात आहे. दोन-चार एकदम बसल्या, अंडी एकदम थांबली, हिरवी हगवण, घरघर किंवा मान वाकडी दिसली, तर ती मानमोडी समजावी. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतवरून तिला राणीखेत म्हणतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे : पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब आणि दोन महिन्यांच्या आत-बाहेर आर-टू-बीचे इंजेक्शन. फवारणीच्या दिवसांत आणखी एक शंका घ्यावी. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना माणसे दगावली; त्या विषाने माखलेले किडे किंवा रंग लावलेले बियाणे टिपून कोंबडी कशी वाचेल? आणि कोंबड्या पटापट मरू लागल्या तर दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. दुखणाईत कोंबडी घाईघाईने बाजारात विकली, तर आपले दुखणे दहा गावांना वाटले जाते.

सुटलेल्या कोंबडीला तीन-चार दिवस वेगळी ठेवून मऊ भरडा आणि हिरवा पाला द्यावा. दवाखान्यातून औषध दिले असेल तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्यावे. तीच कोंबडी पुन्हा पुन्हा अडू लागली, तर तिची अंडी उबवणीला ठेवू नयेत.