साडेबासष्ट अंश

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी जी मातृदुग्धपेढी स्थापन केली, ती आशिया खंडातील पहिली. तिच्याच धर्तीवर चालणाऱ्या एका रुग्णालयातील लहानशा खोलीत गेल्या श्रावणातली एक अख्खी सकाळ मी बसून होते. रक्ततपासणी होऊन ज्यांना दूध देण्याची मंजुरी मिळाली आहे, अशा मातांचे दूध झाकणबंद स्टीलच्या भांड्यांतून हलत्या पाण्याच्या टाकीत उतरवले जात होते. साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटे, मग तत्काळ शीत करणे, आणि प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यात एकही जंतू वाढला नाही असा अहवाल येईपर्यंत शीतपेटीत उणे वीस अंशांवर बंदिवास, असा तेथला शिरस्ता. एवढ्यावर भागत नाही म्हणून प्रत्येक भांड्याचा अनुक्रमांक आणि तारीख सिस्टर दोनदा वाचून दफ्तरात चढवीत होत्या.

या उष्णतेने रोगजंतू मरतात, तसे दुधातले उपकारक जंतूही मरतात, आणि हे ऐकून माझे मन क्षणभर खट्टू झाले. परंतु मातेच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्या संयुक्त शर्करांचा भरणा असतो, ज्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार मोजले गेले आहेत, आणि ज्या अर्भकाला स्वतःला पचवताच येत नाहीत, त्यांना या तापमानाने फारसा धक्का लागत नाही. मग हा जिन्नस मातेचे शरीर शिजवते तरी कोणासाठी? पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिस्ये यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अंगावर पिणाऱ्या बालकांच्या विष्ठेत, टोकाशी दुभंगलेले जे बायफिडो जंतू आढळले, त्यांच्यासाठी! ते या शर्करा खातात, आतड्यात आम्लता निर्माण करतात, आणि त्या आम्लतेत उपद्रवी जंतूंचे पाऊल सहसा टिकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या, प्रतिजैविके घ्यावी लागलेल्या बाळांच्या पोटात मात्र हे जंतू उशिरा वस्तीला येतात. पान मांडलेले असते, पंगत बसायची असते. त्याच अवधीत आतड्याला सूज येऊन त्याचा भाग सडण्याचा जो भयंकर विकार जडतो, त्याची जोखीम भुकटीच्या दुधापेक्षा पेढीच्या दुधाने कमी होते, आणि मातेचे स्वतःचे दूध तर त्याहून श्रेयस्कर.

आमच्या घरात पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवीत. माझ्या आजीने हे अत्यंत मायेने केले, आणि म्हणूनच ते आठवले की मला अधिक दुःख होते.

अकराच्या सुमारास एक बाई भिंतीला धरून आली. दोन दिवसांपूर्वी तिला अकराशे ग्रॅमची मुलगी झाली होती. हात धुऊन, पडद्याआड बसून, पाऊण तासाने तिने वाटी पुढे केली तेव्हा तळाशी पिवळसर, दाट चीक जेमतेम आठ मिलिलिटर होता.

"एवढंच निघालं हो, सिस्टर."

"दर दोन तासांनी दोन मिलिलिटर घेते ती. संध्याकाळपर्यंतची सोय झाली बघा."

सिस्टरांनी चीक निर्जंतुक कुपीत भरला, आईचे नाव आणि वेळ लिहिली. त्या उठल्या तशी बाईची नजर टाकीकडे गेली.

"हे पण तापवणार का?"

"नाही हो. तुमचं तुमच्याच लेकीला, कच्चंच," असे म्हणून सिस्टर कुपी मुठीत धरून जिना चढू लागल्या.