रिप्लाय बटणच काढून टाकलं तर?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. विषय साधा होता. आठवडी बाजार एसटी स्टँडसमोर भरतो, तो तिथेच ठेवायचा की गावाबाहेर हलवायचा? तिसऱ्या दिवशी बाजार राहिला बाजूला आणि कोण कुठल्या पार्टीचा यावर मेसेज सुरू झाले. माझा चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला आणि एका काकांशी तो अजून बोलत नाही. मी नंतर चॅट एक्सपोर्ट करून मोजलं (सवय, दुसरं काय!). साडेतीनशे मेंबरांत भांडणारे फक्त अकरा होते. बाकीच्यांचं मत काय, कुणालाच माहीत नाही.

तेव्हा मला 'पॉलिस' आठवलं. पोलीस नाही, पॉलिस. हे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे आणि तैवानने ते खऱ्या कायद्यांसाठी वापरलंय. 2014 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी चीनसोबतच्या व्यापार कराराविरुद्ध थेट संसदेत ठिय्या दिला होता. त्यानंतर सरकारने सिव्हिक हॅकर्सची मदत मागितली आणि 'व्हीतैवान' सुरू झालं. 2015 मध्ये त्यांच्यासमोर उबरचा वाद आला. टॅक्सीवाले एकीकडे, उबरवाले दुसरीकडे.

पॉलिसमध्ये कुणीही एक छोटं वाक्य टाकतो. बाकीच्यांनी त्यावर सहमत, असहमत किंवा पास एवढंच दाबायचं. रिप्लाय देताच येत नाही. पटलं नाही तर स्वतःचं वेगळं वाक्य लिहा, ते पुन्हा सगळ्यांपुढे मताला जातं. म्हणजे समोरच्याची आई-बहीण काढायला जागाच नाही.

आता आतलं गणित. एक मोठा तक्ता समजा, प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, प्रत्येक रकाना म्हणजे एक वाक्य, आणि घरात +1, -1 किंवा 0. पीसीए नावाची पद्धत हा तक्ता दाबून सपाट नकाशा बनवते. ज्यांची मतं जुळतात ते जवळ, बाकीचे लांब. मग के-मीन्स क्लस्टरिंग त्यांचे गट पाडतं. तुमची जात, पक्ष, वय काहीच विचारत नाही, फक्त मतं बघतं. खरी गंमत पुढे आहे. इथे नुसती जास्त मतं मिळून भागत नाही, प्रत्येक गटातल्या बहुतेकांना पटलेलं वाक्य वर येतं. टाळ्या मिळवायच्या तर विरोधकालाही पटेल असं लिहावं लागतं. फेसबुकच्या फीडमध्ये बरोबर उलटं होतं, भडकवणारी पोस्ट लोकांना थांबवते आणि म्हणून पुढे जाते. एक्सवरच्या कम्युनिटी नोट्स याच कल्पनेवर चालतात.

उबरच्या वादात प्रवाशांची सुरक्षितता आणि विमा यावर दोन्ही बाजू एकत्र आल्या. पुढे नियम बदलले, ॲपवरून चालणाऱ्या टॅक्सीला पिवळा रंग सक्तीचा राहिला नाही.

पण हे जादूची कांडी वगैरे नाही. व्हीतैवानचा निकाल सरकारवर बंधनकारक नसतो. आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो तक्त्यात येतच नाही. मला हा दुसरा मुद्दा जास्त खटकतो.

मी गावासाठी साधा गुगल फॉर्म केला, 24 वाक्यं, तीन पर्याय, मागे पायथनच्या चाळीसेक ओळी. फोनवरून 61 उत्तरं आली. भाजी विकणाऱ्या बायकांपैकी एकही नाही, आणि बाजार तर त्यांचाच! मग वहिनी बाजारात बसून एकेकीला वाक्यं वाचून दाखवत गेल्या, आणखी 22 उत्तरं मिळाली. अपेक्षेप्रमाणे दोन गट पडले आणि जागेवर एकमत झालंच नाही. पण दोन वाक्यं दोन्हीकडे पटली: बाजारच्या दिवशी स्टँडसमोर गाड्या लावू द्यायच्या नाहीत, आणि बायकांसाठी शौचालय हवं. शौचालयाचं वाक्य वहिनींनी तिथेच एका आजींकडून ऐकून घातलं होतं. ग्रुपवरच्या तीन दिवसांच्या भांडणात हा शब्द एकदाही आला नव्हता, मी सर्च करून पाहिलं.

ही दोन वाक्यं कागदावर लिहून ग्रामपंचायतीत दिलीत. पुढच्या ग्रामसभेच्या विषयांत ती घ्या म्हणून अर्जावर पहिली सही काकांची आहे, दुसरी चुलतभावाची. बोलत मात्र नाहीत अजून.